काढ म्हणजे काय काढ

एन्नोर बंदर, चेन्नई
३ एप्रिल

आणि "लंगड्यांची गाडी" म्हणायचं काहीच कारण नव्हतं, नाना. तुमच्या लेकीशी, निकिताशी फोनवर बोलत होतो, तुम्ही मागे बाजेवर होते, मला सगळं ऐकू आलं. बिनक्लचची गाडी ती लंगड्यांची, त्याला सांग तूच बस तिच्यात, असं म्हणाले. मी रोज बसतो. दिवसाला साठ-सत्तर गाड्यांत बसतो. माझे दोन्ही पाय जागेवर आहेत.

तीन वर्षं झाली, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. निकिताने फोन कानाला लावून दिला तरी उठून ओट्यावर जाता. म्हणून लिहितोय. कोणी आपली जीप भाड्याने मागायला आला की तुम्ही म्हणायचे, बोलू नको, लिहून दे. तर हे घ्या, लिहून देतो. आठवी नापासाचं अक्षर आहे, नाही लागलं तर निकिताला विचारा.

आता कामाचं. करंजाळीच्या शाळेवरच्या वेदिका मॅडम आणि त्यांच्या बरोबरच्या चौघी रोज नाशिकहून ये-जा करणार, त्यांना गाडी लावायची आहे आणि ड्रायव्हर पुंजानानाच पाहिजे असं त्या म्हणाल्या. सोळा जूनला शाळा उघडते. हे निकिताकडून कळलं आणि मला लय बरं वाटलं. आई सांगते, तुम्ही घरी कोणाशी धड बोलत नाही, पेठ नाक्यावर जाऊन दुसऱ्यांच्या जीपा बघत बसता. वीस वर्षं त्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवलेला माणूस बसून राहिला तर असंच होणार.

पण तुम्ही नाशकातल्या द्वारकेला जाऊन जुन्यातली क्लचवाली सात सीटर बघून आले. आणि आता रोज संध्याकाळी पत्र्याखालच्या आपल्या बंद जीपमध्ये बसून काठीने क्लच दाबायची प्रॅक्टिस करता. हे ऐकलं त्या दिवशी माझं ताट तसंच राहिलं. काठी डाव्या हातात. गियर त्याच हाताला. मग सावळघाटाच्या वळणाला स्टिअरिंग एकट्या उजव्या हाताने फिरवणार, मागे पाच बाया बसवून?

डावा गुडघा वाकत नाही, नाना. मांडीपासून घोट्यापर्यंत सरळ फळी आहे. तुमच्यासमोर हे कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो.

ऑटोमॅटिक घ्या. मला यातलं कळतं. लहानपणापासून तुम्ही सांगत आले की याला काही कळत नाही, ते बरोबरच असेल. पण एवढं एक कळतं.

शेखर


१९ एप्रिल

निकिता म्हणाली, पत्र दोनदा वाचलं आणि जीपच्या सीटखाली, कागदपत्रं ठेवायच्या पिशवीत ठेवलं. ठीक आहे. फाडलं नाही, हेच खूप.

मी इथे काय करतो ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. आई लोकांना सांगते, बंदरावर मोठा ड्रायव्हर आहे. तर ऐका. कारखान्यातून नवीन गाड्या ट्रेलरवर येतात, त्या मोठ्या मैदानात लावायच्या. जहाज आलं की मैदानातून काढून जहाजाच्या पोटात नेऊन लावायच्या. एक गाडी, पाचशे-सहाशे मीटर. मग एक व्हॅन येते, आम्हा आठ जणांना भरून परत मैदानात आणून सोडते, की पुढची गाडी. वीसच्या वर काटा गेला तर दिवस कापतात. पट्ट्याला बकल चालत नाही, हातात अंगठी चालत नाही, ओरखडा पडेल म्हणून. आरशाला हात लावायचा नाही. सीटवरचा प्लास्टिकचा कागद तसाच ठेवून बसायचं. तीन वर्षांत हजारो गाड्या चालवल्या, नाना, आणि एकदाही तिसरा गियर टाकला नाही.

पण चालवल्या सगळ्या प्रकारच्या. कोणती गाडी कोणत्या माणसाची हे आता मी बसल्या बसल्या सांगू शकतो. आमचा मुकादम सेल्वम, पन्नाशीचा माणूस, पूर्वी गॅरेजात होता, तो मोडक्या हिंदीत आतलं समजावून सांगतो.

तुम्ही म्हणता बिनक्लचची. मुळात क्लच नसतो असं नाही. सगळ्यात स्वस्तातली जी ऑटोमॅटिक आहे, एएमटी म्हणतात तिला, तिच्यात गियरपेटी साधीच असते आणि क्लचही असतो, फक्त पेडल नसतं. आत एक मशीन बसवलेलं असतं, ते तुमच्या डाव्या पायाचं काम करतं. पण नवशिक्यासारखं करतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मुंडी पुढे-मागे होते. मला शिकवताना अशी मुंडी हलली की तुम्ही माझा कान पिळायचे, तिचा कान कुठून पिळणार? जहाजाला चढायचा उतरता पूल असतो लोखंडी, त्यावर थांबवून ब्रेक सोडला की ही वीतभर मागे येते. डिझेल वाचवते, गावातल्या गावात बाजारहाट करणाऱ्याला चांगली. द्वारकेचा दलाल तुम्हाला हीच गळ्यात मारेल. घेऊ नका. का ते खाली लिहितो.

दुसरी एक पट्ट्यावर चालते, सीव्हीटी. तिच्यात पहिला-दुसरा असलं काही नाहीच. गाडी पळते कशी तर लांबवलेलं रबर आखडावं तशी, कुठे जोड लागत नाही. वेदिका मॅडमच्या पोटातलं पाणी हलणार नाही. पण पाय जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून येते. तुम्ही आवाजावर गाडी चालवणारे. कान इंजिनला लावून दुसऱ्यातून तिसरा टाकणारे. तुम्ही तिच्यात पहिल्याच दिवशी शिव्या द्याल. आणि सात माणसं भरून रोजचा घाट चढवायला मी तरी ती घेणार नाही.

तिसऱ्या जातीत दोन क्लच असतात. एक गियर चालू असतो आणि पुढचा तयार धरून ठेवलेला. बोट लावलं की पळते. ती माझ्यासारख्याची, ज्याला थांबता येत नाही. रांगेत हळूहळू सरकावी लागली की तापते आणि लाल दिवा लावून बसते. मलाही तसंच होतं. इथे व्हॅनची वाट बघत उभं राहिलो की.

तुमची गाडी चौथी. टॉर्क कन्व्हर्टर. नाव अवघड आहे, गाडी सोपी आहे. इंजिन आणि गियरपेटीच्या मधे तेल फिरतं, त्या तेलाच्या जोरावर चाक ओढलं जातं. तुम्ही सावळघाटात पुढे एसटी अडकली की अर्ध्या क्लचवर जीप जागच्या जागी तोलून धरायचे, ना पुढे ना मागे, आणि मागच्या बाया नवऱ्यांच्या गोष्टी सांगत राहायच्या, त्यांना कळायचंही नाही. ही गाडी अगदी तशी धरते, आपोआप. डिझेल जास्त पिते हे खरं. पण वजनाला मागेपुढे बघत नाही. आणि उताराला गाडी धरणार नाही म्हणाल तर दांडा एका बाजूला सारला की ती तुमच्या हिशोबाने दुसऱ्यात राहते, ब्रेक न जाळता घाट उतरता येतो. जो गियर चढाला तोच उताराला, हा तुमचा नियम तिलाही ठाऊक आहे.

आणि तिला P असतो. पार्किंगचा. दांडा P वर नेला की आत एक खिट्टी पडते आणि चाक बांधलं जातं. स्वस्तवालीला बहुतेक तो नसतो, नुसता N असतो, म्हणजे आपला न्यूट्रल. उतारावर न्यूट्रलला राहिली तर

हे वाक्य राहू द्या. P असलेली घ्या, एवढंच.

शेखर


६ मे

अजून काही उत्तर नाही. मला वाटलं निदान भांडायला तरी लिहाल.

निकिता म्हणते काठी चालूच आहे. आता काठीला खाली जुन्या चपलेचा तुकडा बांधलाय, पेडलवरून घसरू नये म्हणून. हे सांगताना ती हसली आणि मग रडायला लागली, म्हणून मी फोन ठेवला.

आज परदेशच्या गाड्या होत्या, तिकडच्या, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या. सुरुवातीला मला या गाड्या जमायच्या नाहीत. उजव्या हाताने गियर टाकायचा, पण डावा हात सारखा दाराकडे जायचा. आता जमतं. पण एक सांगतो. त्यात बसलं की मी तुमच्या जागेवर असतो. म्हसरूळच्या माळावर मला शिकवताना तुम्ही बसायचे ती डावी सीट. तिथून उजवीकडे बघितलं की माझी जागा दिसते. रिकामी, प्लास्टिकचा कागद घातलेली. आज अशा एकेचाळीस गाड्या नेल्या. एकेचाळीस वेळा बघितलं.

इथे माझ्याशी मराठी बोलणारं कोणी नाही. राजू, ज्याच्या ट्रेलरवर अंबडहून बसून मी आलो, तो पहिल्या वर्षी दोन-तीनदा यायचा, आता त्याचा रूट बदलला. गाडीत एकटा असतो तेव्हा मी कधी कधी बोलतो, पेठ नाका, पेठ नाका, करंजाळी, पेठ, बसा बसा, एकच सीट. पाचशे मीटर ओरडत जातो. काचा बंद असतात.

आईला म्हणावं इथला भात आता सवयीचा झाला.

शेखर


१६ मे

निकिताने सांगितलं, द्वारकेवाल्याला तुम्ही तोंडी होकार दिला. पुढच्या आठवड्यात क्लचवाली गाडी घेणार. म्हणून आज जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. हे निकिताला वाचायला देऊ नका. नाहीतर द्या.

काल जहाजात एक गाडी हलली. जहाजाच्या पोटात गाड्या मुठीएवढं अंतर ठेवून लावायच्या असतात, आणि उतरायच्या आधी हँडब्रेक ओढून साधी असेल तर पहिला गियर टाकून ठेवायची, ऑटोमॅटिक असेल तर P. मी हे दोनदा तपासतो. उतरतो, परत दार उघडतो, परत बघतो. बाकीचे मला हसतात, व्हॅन खोळंबते म्हणून शिव्या देतात. काल एका गड्याने गाडी न्यूट्रलला सोडली आणि उतरला. दोन मजल्यांच्या मधल्या उतारावर होती. हळूच सुटली. आवाज पण नाही. पुढच्या गाडीला जाऊन टेकली. मधे कोणी नव्हतं. बंपरला खळगा पडला, बस. पण मी तिथेच खाली बसलो.

सेल्वमने मला बाहेर नेलं. चहा दिला. विचारलं, क्या हुआ. त्याला मी सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं आणि ते पण हिंदीत, तामिळ माणसाला.

तुम्हाला जे माहीत आहे तेच लिहितो, पण माझ्या बाजूने.

आपला स्टार्टर बिघडलेला होता. सहा महिने आपण जीप उतारावर तोंड करून उभी करायचो, पहिल्या गियरमध्ये, चाकाला दगड. हँडब्रेक कोण ओढतंय. निघायचं झालं की मी स्टिअरिंगवर, तुम्ही पुढे. तुम्ही दगड काढायचे, बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, काढ. मी गियर काढायचो. जीप उताराने सुटली की दुसरा टाकून क्लच सोडायचा, इंजिन पेटलं की तुम्ही पळत येऊन चढायचे. दिवसातून चार वेळा. "काढ" म्हणजे गियर काढ. त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

त्या दिवशी सावळघाटात, दुसऱ्या वळणाच्या वर, रस्ता ओला. पॅसेंजर उतरून भज्यांच्या गाडीकडे गेले होते. टपावरची ताडपत्री सुटली म्हणून तुम्ही डाव्या चाकापुढे उभे राहून ती ओढत होते. तिची दोरी माझ्या बाजूला, टपाच्या दांड्याला बांधलेली होती. तुम्ही म्हणाले, काढ.

मी बघितलं नाही, नाना. तुम्ही बाजूला झाले की नाही ते बघितलं नाही. मोबाईलमध्ये होतो. कान सवयीचा, हात सवयीचा. गियर काढला. दगड चाकालाच होता, पण ओल्यात सरकला.

दोरी काढ म्हणाले होते तुम्ही. हे मला गाडी सुटली त्याच क्षणी कळलं होतं.

मग सिव्हिलला हवालदार आला, नाक्यावरचे लोक आले, आणि तुम्ही पडल्या पडल्या सगळ्यांना सांगितलं, हँडब्रेकची वायर तुटली, पोराचा काही संबंध नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. आणि सगळे गेल्यावर, आईच्या देखत, मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवतं. "तुम्हीच म्हणाले ना काढ. काढ म्हणजे काय काढ, ते नीट सांगायला काय झालं होतं?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. ते अजून तिकडेच आहे. अठराव्या दिवशी मी राजूच्या ट्रेलरवर बसलो.

सेल्वमने एकच विचारलं. "वायर टूटा था?" मी म्हणालो, नहीं. त्याने त्याचाही चहा मला दिला आणि गेला.

वायर अख्खी आहे. जीप पत्र्याखाली उभी आहे, तुम्ही रोज तिच्यात बसता, हँडब्रेक तुमच्या हाताशी असतो. कोणीही ओढून बघितला तर लागेल. तीन वर्षांत तुम्ही ती जीप भंगारात दिली नाही, कोणाला तिच्यात बसू दिलं नाही. आई म्हणते जीव अडकलाय. मला वाटतं तुम्ही पहारा देता.

आणि लंगड्यांची गाडी नको, हेही त्यातलंच आहे ना? पाय धड असला तर मी काही केलेलंच नाही. काठीने का होईना, क्लच दाबला गेला पाहिजे. असंच आहे ना?

नाना, तुमचा पाय मी घालवला. लिहून देतो. खाली सही करतो. आता हा कागद तुमच्याकडे आहे, तर पाय गेला असं माना, आणि पाय गेलेल्या माणसाला जी गाडी चालते ती घ्या. त्या काठीवर पाच बायांना घाटात नेऊ नका. तिथे कोणाची चूक होती हे सांगायला या वेळी कोणी उरणार नाही.

शेखर पुंजा थेटे


१ जून

तुमचं कार्ड मिळालं. सेल्वमने आणून दिलं, म्हणाला नाशिक. मी ते खिशात ठेवून आधी अकरा गाड्या लावल्या. उघडं कार्ड असतं, एक नजर टाकली की वाचून होतं, पण मी नजर टाकली नाही. मग मैदानाच्या टोकाला जाऊन वाचलं. एकच ओळ. तुमच्या अक्षरात, निकिताच्या नाही.

"P ला लावल्यावर चाकाला दगड लागतो का?"

मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की व्हॅन दोनदा हॉर्न वाजवून गेली.

नाही लागत, नाना. खिट्टी पडली की गाडी हलत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं सांगतो, हे दलाल सांगणार नाही. गाडी चालू करून ब्रेकवर पाय दाबून धरल्याशिवाय दांडा P मधून निघतच नाही. ओढा किती ओढायचा तो. म्हणजे कोणी मोबाईलमध्ये असला, कोणी काहीही ऐकलं, तरी नुसत्या हाताने गियर निघत नाही. ज्याने कोणी हे बनवलं त्याच्याही घरात असं काही झालं असेल, असं मला कधी कधी वाटतं.

पण सावळघाटात उभी कराल तेव्हा हँडब्रेक ओढा, मग P, आणि दगडही लावा. खिट्टीवर सगळं वजन पडू देऊ नये असं सेल्वम म्हणतो. आणि मला तो दगड लावलेला पाहिजे. माझ्यासाठी लावा.

रात्री निकिताचा फोन आला. तुम्ही क्लचवालीचा होकार मोडला आणि परवा तिला घेऊन टॉर्क कन्व्हर्टरवाली चालवून बघितली, पेठ रोडला रासेगावपर्यंत. म्हणं पहिले दहा मिनिटं काठी मांडीवरच होती. मग मागच्या सीटवर टाकली. येताना तुम्ही काय म्हणाले तेही तिने सांगितलं. "पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. पण ओढते." मी फोन ठेवून हसलो. इथल्या पोरांना वाटलं याला काय झालं, कारण मी हसत नाही कधी.

डावा पाय सरळ ठेवायला सीट एक खाच मागे घ्या. आणि सुरुवातीला उजव्या पायाने ब्रेक दाबताना डावा पण उठू बघेल, सवयीने. त्याला बसू द्या. त्याचं काम झालं.

आता माझं. तेरा तारखेनंतर आठ दिवस जहाज नाही. सेल्वमने सुट्टी देतो म्हणून सांगितलं आहे. सोळाला पहिली फेरी. तुम्ही उजवीकडे असाल. डावी सीट रिकामी असेल तर मी तिच्यावर बसेन, वेदिका मॅडम बसणार असतील तर मागे बसेन, मागे जागा नसेल तर पेठ नाक्यावर उभा राहून गाडी गेलेली बघेन. घाटात थांबलो तर दगड मी काढीन. तुम्ही "काढ" म्हणाले की मी विचारणार, काय काढू. दर वेळी विचारणार. चिडू नका.

येऊ की नको, ते निकिताकडून सांगू नका. बोलू नका, लिहून द्या. तुमचं कार्ड यायला सहा दिवस लागतात, म्हणून हे मिळेल त्याच दिवशी टाका. एक शब्द पुरे.

गाडीच्या बयाण्याला निकिताच्या खात्यावर पाठवतोय, अडतीस हजार सहाशे.